पडलेले तेवढेच



लाभपंचमीच्या दिवशी नव्या वहीवर स्वस्तिक काढून झाले, पेढ्यांचे ताट दुकानात फिरले आणि तेवढ्यात तलासरीचा आमचा पुतण्या आला. त्याच्या हातात जाडजूड फाईल होती. पाया पडून तो म्हणाला, "काकासाहेब, मुहूर्त चांगला आहे. आशीर्वाद तर द्याच, पण या वेळी थोडे भांडवलही द्या."

त्याची योजना अशी होती. डहाणू आणि तलासरी तालुक्यांच्या पूर्वेकडील पट्ट्यात, कासा, सायवन, गंजाड, उधवा या गावांच्या आसपास, माघ-फाल्गुनात रानाच्या जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो. वाळलेल्या काटक्या आणि मोडलेल्या फांद्या जागोजाग पडलेल्या असतात. यातले काही वणव्यात जळते, उरलेले पहिल्या पावसात कुजते. हा माल गोळा करायचा, वाळवायचा, बारीक करायचा आणि यंत्रात दाबून त्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, तयार करून वीजनिर्मितीसाठी विकायच्या. दिवसाला २० टन माल काढणारे यंत्र त्याने पाहून ठेवले होते. महामार्गालगत जागाही बघितली होती.

मी जरा गप्प राहिलो. माझ्या मनात काय चालले असेल हे ओळखून तो हसत म्हणाला, "काकासाहेब, आम्ही एकाही झाडाला हात लावणार नाही. पडलेले तेवढेच उचलणार. लहानपणी पाठशाळेत जांभळाच्या झाडाची गोष्ट तुम्हीच शिकवली होती. त्यातला सहावा माणूस आम्ही!"

पोराने मला माझ्याच शिकवणीत पकडले. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही. ते शोधायला तीन आठवडे लागले. या सदरातून ते जाहीरपणे देतो आहे, कारण अशा फायली आता आपल्या अनेक घरांत येऊ लागल्या आहेत. विचारणारा आपलाच मुलगा किंवा पुतण्या असतो, आणि "जंगलाचा कचरा" हा शब्द ऐकताना फार निरुपद्रवी वाटतो.

आधी त्याची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती पोकळ नाही. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रांना जैवइंधनाच्या गोळ्या कोळशात मिसळण्याचे बंधन घालणारे धोरण आणले. २०२३ मध्ये त्यात सुधारणा झाली आणि २०२४-२५ पासून पाच टक्के व २०२५-२६ पासून सात टक्के असे प्रमाण ठरले. म्हणजे गिऱ्हाईक आहे, आणि ते सरकारी आदेशाने उभे राहिलेले आहे. पेलेट न खपल्या तर तोच माल जाड कांड्यांच्या रूपात, ज्याला बाजारात बायोकोल किंवा पांढरा कोळसा म्हणतात, बॉयलरच्या कारखान्यांना विकता येतो. एका अंगाला तारापूर-बोईसरची औद्योगिक वसाहत आणि दुसऱ्या अंगाला वापी असताना बॉयलर शोधायला लांब जावे लागत नाही.

शास्त्रही त्याच्या बाजूने आहे. झाडाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बनच जळताना हवेत परत जातो. तेवढ्याच जागी झाडोरा पुन्हा वाढला तर हिशेब जुळतो. कोळशाचे तसे नाही. तो कोट्यवधी वर्षांची पुरलेली ठेव आहे, आणि आपण ती एका शतकात मोडून खातो आहोत. शिवाय गोळी बनवायला वेगळा डिंक किंवा रसायन लागत नाही. माल दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळलेला असला की दाबाने आणि उष्णतेने लाकडातलाच लिग्निन नावाचा पदार्थ मऊ होतो आणि चिकटवण्याचे काम करतो. पाचोळा मोकळा भरला तर ट्रकमध्ये माल कमी आणि हवाच जास्त जाते. दाबून भरला तर तोच ट्रक अनेक पटींनी वजन नेतो. या धंद्याचे मर्म एवढेच आहे.

आता आपल्या सवयीप्रमाणे वही उघडू. पुढील आकडे ढोबळ आहेत, पण व्यापाऱ्याने ढोबळ हिशेब आधी करावा आणि बारीक नंतर.

यंत्र दिवसाला २० टन गोळ्या देणार. पावसाळ्याचे चार महिने रानातून वाळका माल मिळत नाही, म्हणून वर्षाचे २४० दिवस धरू. म्हणजे ४,८०० टन. रानातून येणाऱ्या मालात ओलावा पस्तीस टक्क्यांच्या घरात असतो असे धरले, तर २० टन गोळ्यांसाठी रोज सुमारे २८ टन माल दाराशी यायला हवा. डोक्यावरची मोळी २५ किलोची धरा. रोज अकराशे मोळ्या झाल्या.

इतका माल किती रानातून येईल? आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलात वर्षाला हेक्टरी चार ते आठ टन वाळका पालापाचोळा पडतो. पाच टन धरू. एका यंत्राचे पोट भरायला सुमारे ८६० हेक्टर, म्हणजे दोन हजार एकरांहून जास्त रान, एक पानही मागे न ठेवता झाडून काढावे लागेल. शहाणपणाने चौथा हिस्साच उचलायचा ठरवला, तर साडेआठ हजार एकर फिरावे लागेल.

आणि वीज किती? लहान संचात एका युनिटला सव्वा किलोच्या आसपास वाळके इंधन लागते. २० टनांतून सोळा हजार युनिट. चोवीस तासांवर वाटले तर पाऊण मेगावॉटसुद्धा भरत नाही.

याच्या शेजारी डहाणूच्या खाडीकाठचे औष्णिक केंद्र ठेवून पाहा. बीएसईएसने उभारलेले आणि आज अदानी समूहाकडे असलेले हे केंद्र ५०० मेगावॉटचे आहे. ऐंशी टक्के क्षमतेने चालले आणि युनिटमागे सहाशे ग्रॅम कोळसा धरला, तर रोज पावणेसहा हजार टन कोळसा होतो. अशा आकाराच्या केंद्राला पाच टक्के जैवइंधन म्हणजे रोज २९० टनांच्या घरात. पुतण्याच्या यंत्रासारखी चौदा-पंधरा यंत्रे लागतील. एका यंत्राला साडेआठ हजार एकर, तर पंधरांना किती, हा गुणाकार वाचकांनीच करावा.

हा गुणाकार मी कागदावर केला आणि जांभळाच्या झाडाकडे परत आलो.

तरुण वाचकांसाठी ती गोष्ट थोडक्यात सांगतो. सहा भुकेले वाटसरू फळांनी लगडलेल्या जांभळाच्या झाडाखाली येतात. पहिला म्हणतो, झाड मुळासकट पाडू. दुसरा खोड तोडायचे सुचवतो, तिसरा मोठ्या फांद्या, चौथा फळांचे घोस असलेल्या डहाळ्या. पाचवा म्हणतो, पिकलेली फळे तेवढी तोडू. सहावा म्हणतो, खाली पडलेली आहेत तीच पुरेशी आहेत. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंतच्या सहा भावांचे हे चित्र आपल्या कित्येक मंदिरांच्या आणि उपाश्रयांच्या भिंतींवर आहे.

इतकी वर्षे मी ही गोष्ट शिकवली, पण एक साधी बाब माझ्या ध्यानात आली नव्हती. सहाव्या माणसाचे म्हणणे खरे ठरते ते भूक सहा जणांची होती म्हणून. सहा पोटांना पडलेली जांभळे पुरतात. झाडाखाली रोज सहाशे माणसे येऊ लागली, तर सहावा माणूस कितीही निर्मळ मनाचा असो, दुपारपर्यंत जमीन रिकामी होईल आणि कोणाचा तरी हात वर जाईल. आधी फळाकडे, मग डहाळीकडे, मग फांदीकडे. लेश्या चढायची असते. भट्टी माणसाला ती उतरायला लावते.

यंत्राला सुट्टी परवडत नाही. बँकेचा हप्ता महिन्याच्या पाच तारखेला येतो, पाचोळा पडला की नाही हे हप्ता विचारत नाही. पहिल्या वर्षी पाने येतील, दुसऱ्या वर्षी काटक्या. तिसऱ्या वर्षी "वाळलेली" म्हणून येणाऱ्या फांदीच्या टोकाला कोयत्याचा ताजा घाव दिसेल. दारावर काटा करणारा मुनीम तो घाव पाहील आणि मोळी वजनावर ठेवील, कारण आत यंत्र रिकामे फिरत असेल. यात कोणी दुष्ट नाही. वाहत्या पाण्यासारखी ही उताराची चाल आहे.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड आहे. पडलेले असले म्हणून ते बेवारस असते का?

आपण ज्याला कचरा म्हणतो त्याला डहाणू-तलासरीच्या वारली बांधवांच्या संसारात नावे आहेत. काटक्या म्हणजे चूल. पाला म्हणजे राब. भाताची रोपे जेथे टाकायची त्या जागेवर पाला, फांद्या, शेण, गवत यांचे थर रचून, वर माती पसरून, पावसाच्या आधी ते भाजतात. त्याने तण मरते, जमिनीला राख मिळते, माती भुसभुशीत होते आणि रोप जोमाने येते. पाला गेला तर पुढच्या वर्षीची रोपवाटिका अडचणीत येते. जो पाचोळा कोणीच उचलत नाही तोही फुकट जात नाही. तो कुजून मातीत मिसळतो आणि झाडाने घेतलेले सत्त्व झाडाला परत देतो. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर ती व्याजासह होणारी परतफेड आहे.

या पाल्यावरून पूर्वीही मोठे भांडण झाले आहे. इंग्रज अमदानीत जंगले राखीव झाली आणि राबासाठी फांद्या छाटण्यावर बंधने आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत असंतोष इतका वाढला की मुंबई सरकारला १८८५ मध्ये चौकशीसाठी वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. डहाणू त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. पाला हा सरकारदरबारी आयोग बसवण्याइतका महत्त्वाचा विषय होता, हे आज "वनकचरा" म्हणणाऱ्या आपल्याला माहीत नसते.

दुसरे भांडण गवताचे. ते आम्हा गवताच्या व्यापाऱ्यांना विसरता येण्यासारखे नाही. मुंबईच्या तबेल्यांना गवत येथून जाई. ते कापणारे हात वारल्यांचे होते. पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मिळावेत, ही १९४५ च्या त्यांच्या लढ्यातली मागणी होती. कॉम्रेड शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध हा लढा उभा राहिला. त्या वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याच्याबरोबर आणखी चौघे मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकामुळे तो इतिहास मराठी घरांत पोहोचला आहे.

आमच्या आजोबांची गवताची वखार होती. त्या काळच्या वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. या तीन आठवड्यांत त्या उघडल्या. गवताच्या खात्यावर गाडीवानाचे नाव आहे, दलालाचे आहे, तबेलेवाल्याचे आहे. कापणाऱ्याचे नाव कोठेही नाही. तेथे "मजुरी" एवढाच शब्द आणि त्यापुढे रक्कम. आजोबा देवभीरू होते, चौविहार पाळत, पर्युषणात अठ्ठाई करत. तरीही वहीत ते नाव नाही. हे मी त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. माझ्या हातातल्या वहीत ते नाव असावे, म्हणून लिहितो.

आज कायदा आजोबांच्या वेळेपेक्षा स्पष्ट आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर तेथील आदिवासींचा आणि पारंपरिक वनवासींचा मालकी हक्क मान्य केला आहे. गौण वनोपजाच्या व्याख्येत मध, मेण, लाख, तेंदूपाने यांच्याबरोबर बांबू येतो, झुडपांचा फाटा येतो आणि तोडलेल्या झाडांचे खुंटसुद्धा येतात. डहाणू आणि तलासरी दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत; १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला वनोपजाबाबत अधिकार दिले आहेत. म्हणजे पुतण्याच्या फाईलमध्ये जो माल "मोफत उपलब्ध" असे लिहिले होते, त्याला मालक आहे. तो मालक रोज सकाळी आपल्या दुकानावरून डोक्यावर मोळी घेऊन जातो, आणि आपण त्याला गिऱ्हाईक म्हणून ओळखतो.

आता आपल्या व्रतांकडे वळतो. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत पहिले अंगारकर्म आणि दुसरे वनकर्म आहे. काही वडीलधारे म्हणतील, येथेच विषय संपला. त्यांच्या मताचा मी आदर करतो. शास्त्राचा निर्णय गुरुमहाराजांनीच द्यावा. पण आपल्या घरात दिवे लागतात आणि दुकानात पंखे फिरतात, त्यासाठी कोठेतरी अंगार पेटलेलाच असतो. बटण दाबणाऱ्याला आपण त्यातून पूर्ण वेगळे समजतो, ते मला पटत नाही. म्हणून मी तिसऱ्या अणुव्रताकडे, अचौर्याकडे गेलो. त्याचे पाच अतिचार प्रतिक्रमणात आपण नेहमी आठवतो. त्यातले तीन या धंद्याच्या दारातच उभे आहेत.

पहिला तदाहृतादान, म्हणजे दुसऱ्याने चोरून आणलेला माल घेणे. रात्री तोडलेला खैर किंवा ऐन सकाळी तुकडे करून मोळीत आला, आणि आपण "आम्ही तोडला नाही" म्हणून तो घेतला, तर हा अतिचार लागतो. दुसरा हीनाधिकमानोन्मान, खोटे वजनमाप. ओलाव्याच्या नावाखाली मोळीमागे चार किलो कापायचे आणि गोळ्या विकताना मात्र पूर्ण वजन लावायचे. जिला काटा वाचता येत नाही अशा बाईच्या मोळीवर हे पाप फार सहज होते. तिसरा प्रतिरूपकव्यवहार, भेसळ. गोळीत माती, राख, कापडाच्या चिंध्या किंवा प्लॅस्टिक दडपायचे. पाचोळ्यात राखेचे प्रमाण लाकडापेक्षा मुळातच जास्त असते. त्यात माती आली तर बॉयलरमध्ये राख वितळून तिचे दगड बनतात, आणि नको ते जळले तर विषारी धूर गावावर पसरतो. डहाणूला धुराची किंमत माहीत आहे. केंद्र सरकारने जून १९९१ मध्ये हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण बसले, आणि त्याने औष्णिक केंद्राला धुरातील गंधक काढणारी यंत्रणा बसवायला लावली. चिकूच्या बागा जपण्यासाठी येथील लोक वर्षानुवर्षे न्यायालयात उभे राहिले आहेत.

अहिंसेचा एक बारीक मुद्दाही आहे. झडलेले पान अचित्त, हे खरे. पण पानाखालची जमीन अचित्त नाही. कुजत्या थरात मुंग्या, वाळवी, गोम, असंख्य त्रस जीव असतात. आमची आजी चुलीत घालण्याआधी प्रत्येक लाकूड फरशीवर आपटून घेई आणि पडलेले किडे पंख्याने हलकेच बाजूला सारी. तिला घाई नसे. रोज अकराशे मोळ्या कोण आपटून घेणार? पावसात भिजलेल्या ढिगात काय काय जन्माला येईल याचा विचार यंत्रवाला करत नाही. यतना पाळणाऱ्याने करायला हवा. ढीग छपराखाली ठेवणे, साठा लहान ठेवणे, पावसाआधी वखार रिकामी करणे, एवढे तरी हातात आहे.

मग पुतण्याला नाही म्हणावे का? नाही म्हणून मी मोकळा झालो असतो, पण ते सोपे उत्तर झाले असते. कोळसा कमी व्हायला हवा, हेही तितकेच खरे आहे. म्हणून मी त्याला तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, जो खरोखर कचरा आहे तो आधी आपल्या घरात शोध. आमच्या भाताच्या गिरणीतला तूस, लाकडाच्या वखारीतला भुसा, चिकूच्या बागेतली वाळकी छाटणी, नारळाच्या झावळ्या, वीजतारांखाली पावसाळ्याआधी तोडल्या जाणाऱ्या फांद्या, हा माल आजही उकिरड्यावर जातो किंवा उघड्यावर जाळला जातो. सरकारी धोरणातही भर शेतीतल्या अवशेषांवर आहे. विदर्भात भाताच्या तुसावर आणि साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडावर वीज तयार होतेच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी तालुक्याच्या शेतातील अवशेषांवर तालुक्याची वीज ही कल्पना १९९० च्या दशकातच मांडली होती. पुण्याच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या बनवल्या आणि त्यासाठी २००२ मध्ये तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. या सर्वांनी आधी शेताकडे पाहिले.

दुसरी, रानात जायचेच असेल तर रानाला जे नकोसे आहे ते घे. घाणेरी आणि रानमोडी ही परदेशातून आलेली झुडपे आपल्या जंगलात बेसुमार माजली आहेत. त्यांच्याखाली गवत उगवत नाही, रोपटी तगत नाहीत. वनखाते वणवा अडवण्यासाठी जाळरेषा काढते, त्यावरचा पाला नाहीतरी जाळलाच जातो. तेवढा माल परवानगीने घेता येईल. उत्तराखंडात चीडाच्या सुया गोळा करून त्यावर वीज बनवण्यासाठी राज्य सरकारने २०१८ मध्ये धोरण केले. कुमाऊँतील बेरीनागच्या अवनी संस्थेने त्याच्या आधीच असे संच चालवले होते. पण चीडाच्या सुया लवकर कुजत नाहीत, त्यांचा जाड थर खालचे गवत दाबतो आणि आगीला आमंत्रण देतो. आपला साग, ऐन आणि पळस तसा नाही. तेथला तोडगा जसाच्या तसा येथे आणून चालणार नाही.

तिसरी, भाव ग्रामसभेत ठरू दे. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गावाने आपला बांबू स्वतः विकला. व्यापाऱ्याचे त्यात नुकसान झाले नाही. उलट माल कोणाचा, परवाना कोणाचा, हा रोजचा घोर मिटला. किती उचलायचे, कोणत्या बाजूचे उचलायचे आणि राबासाठी किती राखायचे हे गावाने सांगावे, आणि यंत्राचा आकार त्यावरून ठरावा. फाईलमध्ये हे उलटे होते. आधी यंत्र ठरले होते आणि रान त्याच्या मापाने कापायचे होते.

पुतण्याने ऐकून घेतले. त्याचा चेहरा पडला, हे लपवत नाही. "काकासाहेब, मग २० टन कधीच होणार नाहीत," तो म्हणाला. मी म्हणालो, "नसतील तर नसोत. जेवढे होईल तेवढ्याचे यंत्र घेऊ." तो फाईल घेऊन निघून गेला. दोन आठवडे फोन नाही.

परवा तो आला. आमची गिरणी धरून परिसरातल्या तीन गिरण्यांत रोज किती तूस पडतो याची त्याने नोंद सुरू केली आहे. चिकूच्या दहा बागायतदारांशी बोलून झाले. २० टनांच्या यंत्राची मागणी त्याने रद्द केली आणि चार टनांच्या यंत्राचा भाव मागवला आहे. उधव्याकडच्या एका पाड्याच्या ग्रामसभेत तो जाऊन बसला. तेथे त्याला पहिल्याच बैठकीत होकार मिळालेला नाही. पाल्याला हात लावू देणार नाही, असे बायांनी स्पष्ट सांगितले. घाणेरी काढायला मात्र त्या तयार आहेत, भाव ठरला तर.

या वर्षी मी त्याला भांडवलाची निम्मी रक्कम दिली आहे. उरलेली पुढच्या लाभपंचमीला, त्याची वही पाहून देईन. ती वही मी आताच चाळली. पहिल्या पानावर शुभ-लाभ, दुसऱ्यावर बँकेचे खाते, तिसऱ्यावर गिरण्यांचे. चौथ्या पानावर त्याने पाड्याचे नाव घातले आहे आणि खाली बारा ओळी आखल्या आहेत, एकेका मोळीवालीच्या नावासाठी. ती नावे अजून भरायची आहेत.

आपल्यापैकी कोणी हा धंदा करत असेल, करून सोडला असेल किंवा करायचा विचार असेल, तर आपला अनुभव या सदराकडे जरूर पाठवावा. तोट्याचा असेल तर अवश्य पाठवावा. त्यातून तरुणांना अधिक शिकायला मिळते.